‘मद्य’ म्हणजे नेमके काय?

महात्माजींचे सेवाग्राम आणि आचार्य विनोबांचे पवनार ज्या भूमीत आहे, त्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु बंदी ज्या वस्तूवर घालायची, ते ‘मद्य’ म्हणजे नेमके काय? वरकरणी सोप्या वाटणाऱ्या या प्रश्नाने आपल्या न्यायालयांना सात दशके गुंतवून ठेवले.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यार्क असलेला प्रत्येक द्रव ‘मद्य’ ठरविला. व्हिस्कीबरोबर औषधे आणि यूडीकोलनही त्यात आले. बलसारा नामक नागरिकाने त्यास आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यापक व्याख्या मान्य केली. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदी अवाजवी म्हणून रद्द केली. शब्द विशाल ठेवला, त्याचा जाच तेवढा दूर केला.

१९८९ साली सात न्यायाधीशांनी राज्यसूचीतील ‘मादक मद्ये’ या शब्दांचा अर्थ ‘पिण्यायोग्य मद्य’ एवढाच लावला. औद्योगिक मद्यार्कावरील राज्यांचा अधिकार त्यामुळे आकुंचित झाला. अखेर २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो अर्थ बदलला आणि औद्योगिक मद्यार्कही त्या शब्दांत समाविष्ट केला.

आपल्या शास्त्रकारांना हा पेच नवा नव्हता. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले. पण म्हणून बेडकाला कोणी पंकज म्हणत नाही. रूढार्थ बलवान, हे खरेच. त्या न्यायाने मद्य म्हणजे पिण्याचेच, असे कोणी म्हणेल. परंतु वाक्यातील एकही पद निरर्थक मानू नये, हीही मीमांसेचीच शिकवण. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात ‘मादक पेये’ असे शब्द आहेत, राज्यसूचीत ‘मादक मद्ये’. मग पेय आणि मद्य एकच कसे मानावे?

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर बळी घेतले. ती मिथेनॉलने विषारी झाली होती आणि मिथेनॉल हे कारखान्यातले रसायन, पेय नव्हे. कारखान्याचा द्रव गरिबाच्या पेल्यात पोहोचतो, तेव्हा ‘हे पिण्यायोग्य नाही’ हा युक्तिवाद कोणाच्या उपयोगाचा?

म्हणून शब्दाचा अर्थ कायद्याच्या हेतूवरून लावावा आणि त्याची मर्यादा नागरिकाच्या वाजवी गरजेवरून ठरवावी. संदिग्धता मुळातच टाळणे हे मात्र विधिमंडळाचे कर्तव्य आहे. एका शब्दाचा अर्थ बदलण्यास पस्तीस वर्षे लागावीत, हे लोकशाहीला भूषणावह नाही.