म्हातारपणाचे बियाणे

दरसाल 31 मे आला की आमच्या तालुक्यात हार, नारळ व फेटे यांचा तुटवडा पडतो. लग्नसराई हे त्याचे अर्धेच कारण होय. उरलेले अर्धे असे की, ज्या पोराची जन्मतारीख आईबापास सांगता येईना, त्याच्या नावापुढे पूर्वीचे मास्तर बिनदिक्कत 1 जून लिहून टाकीत. ती पोरे पुढे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी झाली व आता वयाची 58 वर्षे पुरी करून एकाच दिवशी घरी बसतात. अक्षरशत्रू आईबापांची लेकरे पेन्शनीपर्यंत पोचली, ही गोष्ट बहुजनसमाजास भूषणावह आहे यात शंका नाही. परंतु गळ्यातील हार सुकण्यापूर्वीच त्यांच्या पैशाची जी वाट लागते, ती पाहून दोन कडू शब्द लिहिणे आम्हांस भाग पडत आहे.

आमच्या परिचयाचे एक वडीलधारे गुरुजी काही वर्षांपूर्वी असेच सेवेतून सुटले. फंड व ग्रॅच्युइटी मिळून जन्मात न पाहिलेला आकडा खात्यावर पडला. पहिल्या महिन्यात गावजेवण झाले. पुढे धाकट्या मुलीचे लग्न निघाले. पाचशे माणसांचे ठरले होते, ते दोन हजारांवर गेले. थोरल्या चिरंजीवांनी शहरातील घरासाठी आपला वाटा उचलला. उरले ते, दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून, एका पतसंस्थेत गेले. तिचे दार एके दिवशी बंद झाले ते झालेच. शिवाय नोकरीत असताना एका सोयऱ्याच्या कर्जास ते जामीन राहिले होते. तो फरारी झाला व हप्ते गुरुजींच्या गळ्यात पडले. आज पेन्शन आहे म्हणून चूल पेटते. परंतु घरच्या बाईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पोराच्या तोंडाकडे पाहावे लागते. ज्याने तीस वर्षे पोरांस व्याजाची गणिते शिकविली, त्याची ही गत! मग इतरांची काय कथा?

या माणसास लुटले कोणी? जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींच्या निमित्ताने कुणबी कसा नागवला जातो हे दाखवून दिले. त्याआधी 1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. तेव्हा लुटणारा परका होता व त्याच्यावर बोट रोखता येत असे. आज गुरुजींच्या दारी ना भट आला, ना सावकार. मांडव त्यांनीच घातला, जामिनाच्या कागदावर सही त्यांनीच केली. मिरविण्याची जी हौस पूर्वी दुसऱ्याने शिकविली, ती आता आमच्याच हाडीमासी खिळली आहे. आम्ही आमचेच सावकार व आमचेच भिक्षुक झालो!

कुणब्याच्या घरी कितीही उपास पडोत, बियाण्याच्या कणगीस हात लावीत नाहीत. निवृत्तीचा पैसा हे म्हातारपणाचे बियाणे आहे. ते पेरावयाचे असते. गावजेवणात रांधावयाचे नसते. हा विचार एकदा मनात ठसला म्हणजे बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत.

पैसा हाती आल्यावर सहा महिने कोणासही शब्द देऊ नये. बँकेत ठेवावा व थांबावे. बँक व पतसंस्था एक नव्हेत हे नीट ध्यानात धरावे. 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराच्या 5 लाखांपर्यंतच्या रकमेस, व्याज धरून, ठेवविमा आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेस हा विमा नाही. दामदुप्पट सांगणारा तर दारातूनच परत पाठवावा. जामीन राहणे म्हणजे स्वतः कर्ज काढणे होय. जेवढे फेडण्याची ऐपत असेल तेवढ्यासच सही करावी, एरवी सोयरा रुसला तर रुसू द्यावा.

महागाईचाही हिशेब धरावा. दरसाल दरशेकडा 6 ने भाव चढले तर बारा वर्षांत शंभराच्या वस्तूस दोनशे पडतात. 58 व्या वर्षी पुरणारा पैसा सत्तरीत निम्माच पुरेल.

तरुण शिक्षकांनी तर अधिक सावध असावे. 1 नोव्हेंबर 2005 रोजी वा त्यानंतर राज्याच्या नोकरीत लागलेल्यांपैकी बहुतेकांस जुनी पेन्शन लागू झाली नाही. तिच्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला. ती मागणी आम्हांस न्याय्य वाटते. परंतु मागणीवर चूल पेटत नाही. पगारातून कापले जाते त्यावर न विसंबता निराळे काही टाकीत जावे.

आणि ज्यांस पगारच नाही, त्या शेतकऱ्यांनी व मजुरांनी काय करावे? 2015 पासून अटल पेन्शन योजना आहे. साठीनंतर महिना 5000 रुपये हवे असतील, तर 18 व्या वर्षी शिरणाऱ्यास महिना 210 रुपये भरावे लागतात. 40 व्या वर्षी शिरणाऱ्यास 1454. म्हणजे पहिला सारे मिळून 1,05,840 रुपये भरतो व दुसरा 3,48,960! उशिराचा हा दंड आहे. चाळिशीनंतर तर दारच बंद होते, व आयकर भरणाऱ्यास 1 ऑक्टोबर 2022 पासून प्रवेश नाही. पोराच्या हातातील मोबाईलच्या हप्त्यापुढे 210 रुपये ते किती!

एक शेवटची चूक सर्वांत घातक. मायेपोटी हयातीतच सारी जमीन व घर मुलांच्या नावे करून देतात व बायकोचे नाव कोठेच नसते. बाईचे नाव घरावर व खात्यावर असलेच पाहिजे. मृत्युपत्र करावे, जमीन मागून द्यावी. बक्षीसपत्र करावयाचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्यावी. ती मोडली तर 2007 च्या कायद्याने प्रांताकडील न्यायाधिकरणात दाद मागून ते रद्द करविता येते. बापाने लेकाकडून अट लिहून घ्यावी हे कित्येकांस कठोर वाटेल. परंतु मागाहून लेकाच्या उंबऱ्याशी हात पसरणे याहून कठोर आहे.

1873 साली सत्यशोधक समाज निघाला, तेव्हा त्याने थोड्या खर्चात लग्ने लावून दाखविली. त्यात धर्माचा प्रश्न होता, तसा भाकरीचाही होता. येत्या 31 मे रोजी जे बंधू व भगिनी सुटतील, त्यांनी हार जरूर घ्यावा, दोन शब्द बोलावे, चहा पाजावा व घरी जावे. गावजेवणाची पंगत संध्याकाळपर्यंत उठते. म्हातारपण मात्र वीस-पंचवीस वर्षे पानावर बसून असते. त्याला वाढावयास काय ठेवले आहे, एवढे ज्याने त्याने आजच पाहून घ्यावे.