आपल्याला दिलाय फक्त ‘रीड-ओन्ली’ अ‍ॅक्सेस!

मंडळी, ‘स्मार्ट सिटी’ म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं? सेन्सर, कॅमेरे आणि भिंतभर डॅशबोर्ड. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या आकड्यावर लोकांना निर्णय घेता येत नाही, तो आकडा गोळा करणं म्हणजे निव्वळ हौस!

पटत नसेल तर नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारचं बघा. पर्जन्यछायेतलं दुष्काळी गाव. तिथली ‘सिस्टीम’ काय? पर्जन्यमापक आणि विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी. बस्स. पावसाळा संपला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचं नि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यावर रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही, हे नियम गावानंच स्वतःवर घालून घेतलेत. पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती उगाच नाही.

आता आपल्याकडे या. २५ जून २०१५ ला स्मार्ट सिटी मिशन सुरू झालं, ३१ मार्च २०२५ ला संपलं. देशात १०० शहरं, त्यात पुणेही. प्रत्येक शहरासाठी वेगळी कंपनी काढली. आणि नागरिकांचा सहभाग? ऑनलाइन मत द्या, सूचना पाठवा, अ‍ॅप डाउनलोड करा. निर्णय कंपनीच्या बोर्डात! मिशनला नऊ वर्षं झाल्यावर, २५ जुलै २०२४ ला, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत ते घरांत शिरलं. शहर संकटात टिकतं की नाही, ते अशा वेळी कळतं.

“अहो, पण गावात हजार-बाराशे माणसं, शहरात लाखो. कसं जमणार?” जमतं की! शहराचे तुकडे करा. महाराष्ट्रानं २००९ सालीच महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली आहे. क्षेत्रसभा म्हणजे छोट्या भागातल्या सगळ्या मतदारांची सभा, शहरातली ग्रामसभाच म्हणा ना. पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. अ‍ॅप काढायला घाई, सभा घ्यायला मात्र मुहूर्त सापडत नाही!

तंत्रज्ञान नको असं मी म्हणत नाहीये. माझं पोटच त्यावर चालतं. पण त्याची जागा सभेच्या आधी आहे, सभेच्या ऐवजी नाही. आपल्या भागाला पाणी किती सोडलं, किती गळालं, नाल्यावर कुठे बांधकाम झालं, हे आदल्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊ द्या. दुसऱ्या दिवशी समोरासमोर बसून भांडू, नि ठरवू. ‘राइट परमिशन’ मिळते ती तिथे.

आणि हो, दोष फक्त राजकारण्यांचा नाही. सोसायटीच्या मीटिंगला दांडी मारून फेसबुकवर शहर सुधारणारे आपणच! असो. तुमचा नगरसेवक भेटला की खड्ड्यांच्या आधी एवढंच विचारा : क्षेत्रसभा कधी घेताय?