'सेवक' हा शब्द इतका स्वस्त कोणी केला?

राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला की काटकसरीची कात्री सर्वप्रथम कोठे चालते, हे पाहावयाचे असेल तर मंत्रालयात जाण्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी वा मारेगाव तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावर जावे. दवाखाना दूर, बँक त्याहून दूर, तहसील तर परमुलखात असावी तशी. अशा पोडावर शासनाचे अस्तित्व सांगणारी वास्तू एकच असते, ती म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा; आणि शासनाचा चेहरा एकच असतो, तो म्हणजे गुरुजींचा. हा चेहरा वित्त विभागाच्या वहीत आता केवळ 'खर्च' म्हणून उरला आहे.

या कथेचा प्रारंभ २००० सालचा. पाचव्या वेतन आयोगाचा भार पेलताना राज्याचे कंबरडे वाकले होते. काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार नुकतेच सत्तेवर आले होते. त्या सरकारला काटकसरीचा मार्ग सापडला तो शाळेच्या वर्गात. नवा शिक्षक ३ वर्षे मानधनावर राबेल. प्राथमिकला दरमहा ३ हजार, माध्यमिकला ४ हजार, कनिष्ठ महाविद्यालयात ५ हजार रुपये. काम पूर्ण शिक्षकाचे, जबाबदारी पूर्ण शिक्षकाची, मोबदला मात्र तुकड्याचा. आणि या तुकड्याला नाव दिले गेले 'शिक्षणसेवक'!

शब्दांचीही विटंबना होते ती अशी. 'सेवक' हा आपल्या परंपरेतील अत्यंत पवित्र शब्द आहे. टिळक-आगरकरांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले, चार वर्षांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तेव्हा तेथील विद्वानांनी अल्प वेतन आनंदाने पत्करले. तो त्याग त्यांनी स्वतः निवडलेला होता. शासनादेशाने लादलेले दारिद्र्य म्हणजे त्याग नव्हे. ज्याला दुसरा पर्याय नाही, ज्याच्या बापाने डी.एड.साठी दोन एकर कोरडवाहू गहाण टाकली आहे, त्याला अर्ध्या पगारावर राबवून वर 'सेवक' म्हणणे ही शुद्ध वंचना होय. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन पुढे ६ हजार झाले आणि त्या आकड्यावर ते दशकाहून अधिक काळ गोठून राहिले. २०२३ च्या जानेवारीपासून ते १६ हजार झाले. मधल्या काळात आमदारांचे वेतन गोठले होते काय, हा प्रश्न वाचकांनीच स्वतःला विचारावा.

२००१ साली 'कायम विनाअनुदानित' शाळांचे पेव फुटले. 'कायम' हा शब्द वगळावयास २००९ उजाडले. तोवर तेथील शिक्षक वर्षानुवर्षे विनावेतन झिजत राहिले. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना संपली. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावर नांदणारी बोगस मुले उघडी पडली. ती मुले कोणी जन्मास घातली होती? अनुदानावर पोसलेल्या शिक्षणसम्राटांनी. दंड मात्र कोणास झाला? २०१२ पासून शिक्षकभरतीच बंद झाली! डी.एड. झालेल्या तरुणांची एक पिढीच्या पिढी वयोमर्यादेच्या काठावर वाट पाहत उभी राहिली. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे ते हेच.

येथवर दोष परक्यांचा म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. परंतु सत्तांतर होऊनही वित्त विभागाचे तर्कशास्त्र बदलले नाही, हे आपल्या विचारांच्या लोकप्रतिनिधींना स्पष्टपणे सांगणे आपले कर्तव्य आहे. २०२३ साली ७० वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना २० हजारांवर नेमण्याचे ठरले. त्याच वर्षी २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याची टूम निघाली. तेव्हा राज्यात अशा शाळा सुमारे १५ हजार होत्या. आणि ५ सप्टेंबर २०२४ रोजी (होय, शिक्षकदिनीच) निर्णय निघाला की, २० वा त्याहून कमी पटाच्या शाळेतील दोघांपैकी एक गुरुजी कंत्राटी असेल, मानधन १५ हजार. ओरड झाल्यावर ती मर्यादा १० पटावर आली, २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. तो मागे घेतला हे योग्यच झाले. पण मुळात तो सुचला कोणास?

'सात मुलांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत', असा युक्तिवाद केला जातो. वरवर तो बिनतोड वाटतो. पानशेतच्या समूह शाळेचा दाखलाही दिला जातो. पण पानशेत म्हणजे पांढरकवडा नव्हे. टिपेश्वरच्या अरण्यालगतच्या, राळेगाव-पांढरकवड्याच्या याच पट्ट्यात १३ बळींचा ठपका असलेली वाघीण २०१८ च्या नोव्हेंबरात मारली गेली. त्या वाटेवरून सहा वर्षांच्या पोरीने समूह शाळेत जावयाचे काय? गाडी देऊ म्हणतात. पावसाळ्यात उमरखेडच्या बंदी भागात ती गाडी किती दिवस पोहोचेल, हे तेथील ग्रामस्थांना विचारावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, आणि ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. कायद्यात परवडण्याची अट नाही.

आणखी एक गोष्ट मंत्रालयातील हिशेबनिसांच्या ध्यानी येत नाही. कोलामाच्या मुलाची मायबोली कोलामी आहे, तांड्यावरच्या मुलाची गोरमाटी. मराठी त्यांना शाळेतच प्रथम भेटते. हा पूल बांधावयास शिक्षकाला त्या वस्तीवर वर्षे काढावी लागतात. दरवर्षी बदलणारा कंत्राटी मनुष्य मुलांची नावे पाठ होईपर्यंत निघून जातो. शाळा उठली की पोकळी उरते, आणि ती कोण भरून काढते, हे वनवासी क्षेत्रातील कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

या जिल्ह्याची व्यथा निराळी का, तेही पाहिले पाहिजे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली, तेव्हापासून कापसाचे हे दुष्टचक्र फिरतेच आहे. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. चर्चा व्याज, सिंचन आणि बियाणे यांभोवती फिरली. कर्त्याच्या पश्चात पोर वेचणीला जाईल की वर्गात बसेल, हे ज्या शाळेवर ठरते तिचे नाव कोणाच्या तोंडी नव्हते. बाजार कोसळला की कुटुंबाला फुकट शाळेचा आधार सर्वाधिक लागतो, आणि नेमका त्याच वेळी शासन तो आधार आखडता घेते. ग्रीसने २०११ च्या अरिष्टात शेकडो शाळा अशाच एकमेकींत मिसळल्या होत्या. पण तेथे निदान देशच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. आपण तर देशातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेले राज्य म्हणून मिरवतो.

पंडित दीनदयाळजींनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानववादाची मांडणी करताना शिक्षणाचा प्रश्न निःसंदिग्धपणे सोडविला होता. झाड लावून त्याला पाणी घालताना आपण झाडाकडून मोल मागत नाही, तसेच मुलाचे शिक्षण ही समाजाने स्वहितासाठी करावयाची गोष्ट आहे, असा त्यांचा आशय होता. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी हे पान पुन्हा उघडावे. कोठारी आयोगाने १९६६ साली मागितलेले राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही मागितले आहेत. ते धोरण आपल्याच सरकारचे आहे.

लाडक्या बहिणीच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होतात, हे आम्हास मुळीच खुपत नाही. खुपते ते एवढेच की, त्याच बहिणीच्या मुलीच्या शाळेसाठी दुसरा गुरुजी मागितला की तिजोरीची आठवण होते. यवतमाळात दीनदयाल बहुउद्देशीय प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी पारधी मुलांसाठी छात्रावास चालविले. समाज आपला वाटा उचलतोच आहे. पण छात्रावासातील मुलाला सकाळी जाण्यासाठी शाळा लागते, आणि ती शासनाने चालवावयाची असते. पुढील अर्थसंकल्पी अधिवेशनात यवतमाळच्या आमदारांनी एकच प्रश्न विचारावा: जिल्ह्यात एकशिक्षकी शाळा किती, आणि तेथे दुसरा शिक्षक कोणत्या तारखेस रुजू होणार?