कलावंतांची घरे आणि जमिनीचे मोल

मुंबईकराला 'लॉफ्ट' म्हटले की घरातील पोटमाळा आठवतो. अमेरिकेत मात्र बंद पडलेल्या कारखान्याचा वा वखारीचा उंच छताचा मजला, जेथे राहावयाचे आणि तेथेच काम करावयाचे, त्याला लॉफ्ट म्हणतात. उद्योग गमावलेली तेथील लहान शहरे असे गाळे 'सर्जनशील उद्योजकां'पुढे मांडीत आहेत. ओसाड पेठेत पुन्हा दिवे लागावेत ही इच्छा रास्तच आहे. प्रश्न एवढाच की, पेठ सजीव करण्याचे श्रम कोणाचे आणि त्यातून वाढणारे जमिनीचे मोल कोणाचे?

न्यूयॉर्कच्या सोहो भागाने याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. कारखाने हलल्यावर रिकाम्या मजल्यांवर चित्रकार-शिल्पकार बेकायदा राहू लागले. १९७१ साली शहराने त्यांच्या वास्तव्यास मान्यता दिली. त्यांच्यामागून कलादालने आली, कलादालनांमागून धनिक आले, आणि ज्यांनी वस्ती घडविली त्यांपैकी अनेकांना तेथील भाडे परवडेना. भाडेकरूंना संरक्षण देणारा राज्याचा कायदा झाला तो १९८२ साली. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी 'लॉफ्ट लिव्हिंग' या ग्रंथात, कलावंताचे जगणेच जमीनव्यवहाराचे भांडवल कसे बनते याची चिकित्सा केली.

केंटकी राज्यातील पदूका या ओहायोकाठच्या लहान शहराने २००० साली निराळी वाट धरली. लोअरटाउन या मोडकळीस आलेल्या वस्तीतील घरे कलावंतांना नाममात्र किमतीत दिली, घरातच कार्यशाळा व दालन चालविण्याची नियमांत मुभा ठेवली आणि स्थानिक बँकेने दुरुस्तीसाठी घराच्या चालू किमतीहूनही अधिक कर्ज दिले. कलावंत मालक झाले, म्हणून वाढलेल्या मोलात त्यांना वाटा मिळाला. मिनेसोटातील फर्गस फॉल्स येथे आर्टस्पेस या ना-नफा संस्थेने २००४ साली एका जुन्या हॉटेलात अल्प उत्पन्नाच्या कलावंतांसाठी गाळे केले. दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरली ती जाहिरात नव्हे, मालकीची व्यवस्था.

'उद्योजक' या गोंडस शब्दाचेही परीक्षण झाले पाहिजे. नोकरी नाही म्हणून मालक नाही. मालक नाही म्हणून निवृत्तिवेतन नाही, कामाचे तास नाहीत, आजारपणाची रजा नाही. घर आणि कारखाना एक झाले की कामाचा दिवस संपतच नाही. मालेगावचा विणकर मागाच्या खडखडाटातच संसार करतो, त्याला आपण दैन्य म्हणतो; तीच रचना काचेच्या मोठ्या खिडक्यांसह विकली की ती जीवनशैली ठरते!

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १९९१ च्या नियमाने मुंबईतील गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते: मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. जेथे माग होते तेथे कार्यालये व उपाहारगृहे आली. गिरणगाव घडविणारा कामगार घरासाठी अर्ज भरीत राहिला.

म्हणून जेथे सार्वजनिक पैसा वा सवलत लागते, तेथे जमीन नगरपालिकेची वा सहकारी संस्थेची राहावी, भाड्यावर कायमची मर्यादा असावी, आणि बाहेरून येणाऱ्या कलावंताबरोबरच गावातील सुतार, शिंपी व छापखान्याचा कामगार यांनाही त्या छताखाली हक्काने जागा मिळावी. एरवी कलावंत हा जमीनमालकाचा बिनपगारी जाहिरातदार ठरेल, आणि भाव चढताच त्यालाही वाट दाखविली जाईल.