आधी कुणी केलंय का?

बँकेत कर्जविभागात असताना माझा एक ठरलेला प्रश्न असे, 'हे आधी कुणी केलंय का?' १९९२ साली टिटवाळ्याचाच एक लेथवाला पोरगा स्वतः रेखाटलेल्या यंत्राचा कागद घेऊन समोर बसला होता. प्रश्न ऐकून म्हणाला, ''साहेब, कुणी केलं असतं तर मी कशाला केलं असतं?'' मी हसलो आणि अर्ज परत केला.

अमेरिकेच्या बर्ट रुटानबद्दल वाचताना तो पोरगा आठवला. १९७५ साली रुटानचं 'व्हॅरिईझी' हे चिमुकलं विमान उडालं. पुढच्याच वर्षी त्यानं आराखडे विकायला काढले. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेनं कापायचा, त्यावर काचतंतूंचं कापड इपॉक्सीनं चिकटवायचं. साचा नको, कारखाना नको. घरची गॅरेज पुरे! नाकाशी छोटे पंख. वेग फार घटला की आधी त्यांचीच उचल संपते, नाक आपसूक खाली येतं आणि मुख्य पंख शाबूत राहतात. याच विचारातून त्याचं 'व्हॉयेजर' १९८६ मध्ये वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. आपल्या बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनंही १९८७ साली त्याच्याच 'लाँग-ईझी'च्या धर्तीवरचं विमान उडवलं. पुढं १९९३ साली तिथलंच 'हंसा' हे काचतंतूंचं विमान आकाशात गेलं.

आणि आपल्याकडे? कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं; तेही धातूचं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मात्र २०१७ च्या नोव्हेंबरात मिळाली. घरगुती विमान कोणत्या रकान्यात बसवायचं, हेच कागदांना उमगत नव्हतं.

नियम नकोत, असं मी म्हणणार नाही. विमान कोसळलं तर खाली माणसं असतात. 'हे सुरक्षित आहे का?' हे विचारलंच पाहिजे, कठोरपणे विचारलं पाहिजे. पण 'आधी कुणी केलंय का?' हा प्रश्न सुरक्षिततेचा नाही, आपल्या भीतीचा आहे. खुर्चीत बसलेल्याला दोन्ही एकच वाटतात. मलाही वाटले होते.

त्या पोराला मी एवढंच म्हणायला हवं होतं, ''चालवून दाखव बघू.''