अनित्यतेचे नाव घेऊन हिशेब मिटत नाही

२३ एप्रिल २०२२ ला विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातील आगीला एक वर्ष पूर्ण झाले. २०२१ मध्ये त्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात आग लागली तेव्हा आत १७ कोरोना रुग्ण होते. दिवस उजाडेपर्यंत १३ जण गेले. पुढे मृतांचा आकडा १५ झाला. त्याच आठवड्यात वसई, नालासोपारा, विरारच्या कितीतरी चाळींत आणि इमारतींत एकेक माणूस कमी झाले. ती नावे कुठल्याच बातमीत आली नाहीत. आमचे घर त्यांपैकीच एक.

२०२२ ची भीमजयंती दोन वर्षांनी रस्त्यावर साजरी झाली. एप्रिलच्या सुरुवातीला निर्बंध उठले, मिरवणुका निघाल्या, विहारांत गर्दी झाली. दोन वर्षांनी समोर आलेली माणसे एकमेकांना आधी एकच विचारत होती, "घरात सगळे बरे ना?" उत्तर ऐकले की समोरचा खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "सगळे अनित्य आहे. कोरोनाच होता, कोण काय करणार?"

धीर देण्यासाठी हे वाक्य ठीक आहे. पण वर्षभरात त्याचा उपयोग वेगळाच होताना आम्ही पाहिला. प्रश्न बंद करण्यासाठी ते वापरले जाऊ लागले आहे, आणि त्याला आमची हरकत आहे. बुद्धांनी अनित्यता सांगितली, तसा प्रतीत्यसमुत्पादही सांगितला. जे घडते ते कारणांनी घडते. कारण दूर केले तर दुःखही दूर होते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच, सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडले ही पारंपरिक कथा तर्काला पटत नाही, असे म्हटले आहे. त्यांच्या मांडणीतला धम्म माणसाने माणसावर लादलेल्या दुःखाकडे बोट दाखवतो. म्हणून कोरोनाच्या मरणाकडेही त्याच नजरेने पाहायला हवे.

आमच्या काकांचेच घ्या. ते अंधेरीतल्या एका गोडाऊनमध्ये कामाला होते. २०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबली. १५ जूनला ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, पण गोडाऊनमधला कामगार त्यात बसत नव्हता. त्याच्यासाठी उरली एसटी. २२ जुलै २०२० रोजी नालासोपाऱ्यातून बस सुटली नाही, तेव्हा चिडलेले प्रवासी थेट रेल्वे रुळांवर उतरले. ती गर्दी बेशिस्त म्हणून दाखवली गेली. प्रत्यक्षात ती हजेरी बुडाली की पगार कापला जाणाऱ्यांची गर्दी होती.

१ फेब्रुवारी २०२१ पासून लोकल सर्वांसाठी सुरू झाली, पण वेळा ठरवून: सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. काका सकाळी सहाला निघायचे आणि रात्री साडेदहाला घरी यायचे. काम आठ तासांचे, पण माणूस सोळा तासांहून अधिक घराबाहेर. मार्चअखेर ताप आला तेव्हा त्यांनी तीन दिवस अंगावर काढला, कारण आजारपणाची पगारी रजा नव्हती. घर एका खोलीचे, माणसे पाच. वेगळे राहायचे म्हणजे कुठे? चाचणीचा अहवाल उशिरा आला. मग रिक्षातून तीन रुग्णालये झाली. चौथ्या ठिकाणी खाट मिळाली, पण आधी अनामत रक्कम भरा म्हणाले. काकूंचे डोरले त्या दिवशी गहाण पडले.

काका कोरोनाने गेले हे खरे. पण लोकलच्या वेळा, नसलेली रजा, एका खोलीचे घर, उशिराचा अहवाल आणि अनामत या साखळीतली एखादी कडी जरी तुटली असती, तर ते वाचण्याची शक्यता वाढली असती. यातली एकही कडी विषाणूने तयार केलेली नाही.

कागदावर नियम होते. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर सरकारने बांधून दिले होते: साध्या खाटेला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरशिवाय ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्याच महिन्यात राज्यातल्या सर्व नागरिकांसाठी खुली केली होती. पण नातेवाईक ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिरसाठी धावत असताना हे नियम त्यांना समजावून सांगणारे कुणी नव्हते. वसई-विरार महापालिकेत जून २०२० पासून लोकांनी निवडलेले नगरसेवकही नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर असलेल्या या शहराला महामारीच्या सर्वांत वाईट काळात जाब विचारायला वॉर्डातला माणूस नव्हता.

आगीचेही तसेच. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके दगावली. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. मार्चमध्ये भांडुपच्या मॉलमधले रुग्णालय जळाले. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन त्या दिवशी २२ जण गेले. दोन दिवसांनी विरार. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ११ जण. प्रत्येक वेळी चौकशी लागली, मदत जाहीर झाली. विरारच्या मृतांच्या वारसांना राज्य सरकारने ५ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले. गुन्हा नोंदला गेला, अटकाही झाल्या. पण एका आगीतून दुसरे रुग्णालय काही शिकले का, हा प्रश्न मदतीच्या रकमेने सुटत नाही. एकाच वर्षात एकाच राज्यात पुन्हा पुन्हा घडते, त्याला निव्वळ अपघात म्हणता येत नाही.

काकांचा अंत्यविधी दोन माणसांत झाला. बौद्धाचार्यांना बोलावता आले नाही. चेहरा पाहायला मिळाला नाही. जलदान विधी आणि पुण्यानुमोदन मोबाईलवर झाले: रत्नागिरीतले गावकरी एका चौकटीत, नागपूरची आत्या दुसऱ्या चौकटीत. त्रिसरण-पंचशील म्हणताना कुणाचा आवाज पुढे, कुणाचा मागे. गावकीची माणसे एरवी अशा वेळी घर सोडत नाहीत. चूल पेटू देत नाहीत, आळीपाळीने डबा येतो. काकूंनी मात्र तिसऱ्या दिवशी स्वतःच भात टाकला.

मग रोजचे जगणे सुरू झाले. थोरल्या चुलत बहिणीचे कॉलेज सुटले. ती वालीवच्या एका गाळ्यात पॅकिंगला जाऊ लागली. धाकट्याची शाळा एका मोबाईलवर, तीही बहीण कामावरून आल्यावर. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांना लोकलचा पास मिळू लागला, तेव्हा काकूंनी लसीसाठी पहाटेपासून रांग लावली. कारण त्यांना बोरिवलीत घरकाम मिळत होते.

सगळे नातेवाईक एकत्र भेटले ते २०२२ च्या फेब्रुवारीत, गावी एका मंगल परिणयाला. मंडपात आलेली माणसे आधी रडली, मग जेवली. दहा महिने कुणी काकूंच्या गळ्यात पडून रडले नव्हते. शोकालाही माणसे लागतात, हे त्या दिवशी कळले. नवऱ्यामागे काकूंच्या नावावर काय आहे, हे मात्र त्या मंडपात कुणी विचारले नाही. खोली सासऱ्यांच्या नावावर, बँकेचे खाते नवऱ्याच्या नावावर, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या कागदांवर कोरोना हा शब्दच नाही. अशा एकल महिला आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.

इथून पुढचे काम तरुणांचे आहे आणि ते तातडीचे आहे. कोरोना मृतांच्या वारसांना ५०,००० रुपयांचे सानुग्रह सहाय्य होते. केवळ दाखल्यावर कोरोना लिहिलेले नाही म्हणून ते नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी स्पष्ट केले होते. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, घरी झाला असला तरी, त्यात धरला जात होता. मात्र २४ मार्च २०२२ च्या आदेशाने, २० मार्चपूर्वीच्या मृत्यूंसाठी अर्ज करायला ६० दिवसांचीच मुदत ठेवली होती. म्हणजे ती मुदत मे २०२२ मध्येच संपली.  प्रत्येक विहाराने वस्तीतली यादी करावी आणि नाकारलेल्या प्रकरणांचा पाठपुरावा करावा. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने २०२१ मध्ये ५ लाखांची मुदत ठेव जाहीर केली होती, तिचीही खातरजमा करावी.

दुसरे काम अग्निसुरक्षेचे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. वसई-विरारच्या किती रुग्णालयांनी ते यंदाच्या जानेवारीत दिले, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात विचारता येते. प्रभागनिहाय एकेक अर्ज गेला, तरी चित्र समोर येईल.

आणि हे काम धम्माबाहेरचे आहे असे कुणाला वाटत असेल, तर त्याने आपल्याच शहराची जमीन आठवावी. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथल्या बुरूड राजाच्या कोटाचे उत्खनन करून स्तूप उजेडात आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथेच मिळाला आणि नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावजवळ. त्या नवव्या लेखाचा आशय असा: आजारपणात, लग्नकार्यात, मुलांच्या जन्मावेळी, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर आणि जीवमात्राबद्दल संयम.

महामारीने आमच्याकडून विधी काढून घेतले. खरे मंगल मात्र कुणी काढून घेतलेले नाही. कामगाराची पगारी रजा, रुग्णाची खाट, विधवेचा हक्क आणि रुग्णालयातला सुरक्षित जिना यांसाठी भांडणे हेच आजच्या शूर्पारकातले पुण्यानुमोदन आहे. कालकथितांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावू, आणि त्याच टेबलावर अर्जाचे कोरे कागदही ठेवू.

जय भीम, नमो बुद्धाय.