तोतया, अंगठा आणि सातबारा

ओळख चोरीला गेली तर काय करावे, याचे एक तयार उत्तर हल्ली कानावर येते: आधार लॉक करा, १९३० वर फोन लावा, पासवर्ड बदला आणि निवांत झोपा. ओळख बेसावध माणसाचीच चोरीला जाते, ज्याने ओटीपी सांगितला नाही त्याला कसली भीती, अशी पुस्तीही जोडली जाते.

बँकेपुरते हे बरेचसे खरे आहे. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले असेल, तर तोटा ग्राहकाच्या माथी येत नाही; रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक तसे सांगते.

मावळात मात्र ओळख चोरतात ती जमिनीसाठी. लोणावळा-खंडाळ्यातला प्लॉट किंवा पवना धरणाजवळची शेती, मालक मुंबईला नाही तर परदेशात. त्याचा चेहरा शेजाऱ्याला ठाऊक नाही. नाव आणि क्षेत्र मात्र सातबाऱ्यावर कोणालाही वाचता येते. तोतया बनावट कार्ड घेऊन दुय्यम निबंधकापुढे बसतो. नाव मालकाचे, फोटो तोतयाचा. अंगठाही तोतयाचाच. दोन ओळखदार सही ठोकतात आणि खरेदीखत नोंदले जाते. मालकाचा अंगठा या व्यवहारात कुठे लागलाच नाही, तर तो लॉक करून काय साधणार? ओटीपीही त्याच्याकडे कोणी मागितलेला नसतो. डोंगर दिसणारी जमीन बाळगणे हाच त्याचा निष्काळजीपणा म्हणायचा.

पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंनी तरी कोणाला ओटीपी दिला होता? त्यांचे नाव लावणाऱ्या तोतयाने १७७६ मध्ये कोकणात मुलूख काबीज केला आणि तो बोरघाटाने थेट राजमाचीपर्यंत आला. तेव्हाही वाद भाऊंच्या गाफीलपणाचा नव्हता. ‘हेच भाऊ’ म्हणणारे कोण आणि त्यांचे ऐकायचे का, हा होता. ओळखदारांच्या शब्दावर विसंबणे हे जुनेच दुखणे आहे.

‘ऑनलाइन तक्रार केली की झाले’ हेही खरे नाही. गुन्हा दाखल होणे ही वेगळी पायरी आहे.

करायचे ते असे. दस्ताची प्रमाणित प्रत काढावी. ‘आपली चावडी’ या ऑनलाइन सूचनाफलकावर फेरफार दिसताच पंधरा दिवसांच्या मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी, मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केलीच तर प्रांताकडे अपील. पोलिसांत तक्रार देताना नोंदणी अधिनियम १९०८ चे कलम ८२ आवर्जून लिहावे. तोतयेगिरीला त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. लोणावळा, कामशेत आणि वडगावची हद्द पुणे ग्रामीण पोलिसांकडे, तळेगाव दाभाडेची पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार परतवता येत नाही. नोंदलेला दस्त रद्द करणे दुय्यम निबंधकाच्या हातात नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा आणि सोबत मनाई हुकुमाचा अर्ज लागतो. बनावट दस्त कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. मालक परदेशी असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवावे आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.